‘नुसतं लिहिणं’ म्हणून नाकारलेलं काम: नागपुरातल्या संगणक विभागप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
संगणक अभियांत्रिकीचे विभागप्रमुख आणि प्रकल्प मूल्यमापन समित्यांचे सर्व सदस्य,
नागपूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये तुमच्यापैकी एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. काटोलकडच्या एका मुलीने चार महिने खपून एका ओपन सोर्स लायब्ररीचं (कुणालाही वापरता, सुधारता येणाऱ्या तयार कोडचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे ती वापरण्याची माहितीपानं, असं काम लिहिलं होतं. तिने ते समितीपुढे ठेवलं. एका सरांनी पानं वरवर चाळली आणि म्हणाले, “हे तर नुसतं लिहिणं झालं. सॉफ्टवेअर कुठं आहे?” दहा मिनिटांत तिचा प्रोजेक्ट अग्राह्य ठरला. जूनमध्ये त्याच विभागाने नव्या वर्षासाठी परिपत्रक काढलं. ओपन सोर्समधलं काम प्रोजेक्ट म्हणून धरायचं असेल तर किमान ५ पुल रिक्वेस्ट (प्रकल्पाकडे पाठवलेले बदल) मर्ज झालेल्या, म्हणजे स्वीकारल्या गेलेल्या हव्यात, आणि डॉक्युमेंटेशन, भाषांतर, रीडमीतल्या (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमधल्या) दुरुस्त्या त्यात मोजल्या जाणार नाहीत.

हेच परिपत्रक आणखी दोन ठिकाणी जवळपास शब्दशः उचललं गेलं, असं विद्यार्थ्यांकडून कळलं. म्हणून हे पत्र त्या एका विभागाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घेत नाही. माझं भांडण एका इमारतीशी नाही.

मी अकरा वर्षं टेक्निकल रायटर म्हणून काम करते. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं, बिघडलं तर काय करायचं, हे लिहिणं हीच माझी नोकरी. शिकले सावनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, आणि इंजिनिअर झाले हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजातून, म्हणजे तुमच्यातूनच. दुसऱ्या वर्षाला असताना एक डेटाबेस माझ्या मशीनवर बसेना. तीन रात्री घालवल्या. वर्गातल्या बाकीच्यांचं झालं होतं, त्यामुळे आपल्यालाच डोकं नाही, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. चौथ्या दिवशी कळलं, की माहितीपानावर दिलेली फाइल नव्या आवृत्तीत दुसऱ्याच फोल्डरमध्ये गेली होती. पान जुनं होतं, मी मठ्ठ नव्हते. घाबरत घाबरत तीन ओळींची दुरुस्ती पाठवली. दोन दिवसांनी ती मर्ज झाली आणि खाली कुणी अनोळखी माणसाने “धन्यवाद” लिहिलं. ओपन सोर्स हे आपलंही घर आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तुमच्या परिपत्रकाने ते दार बंद होतं आहे, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी त्या मुलीने नेमकं काय केलं ते सांगते, कारण समितीने ते पाहिलंच नाही. ती शनिवारी धरमपेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या आमच्या गटात यायची, त्यामुळे सगळं काम माझ्या डोळ्यांसमोर झालं आहे.

लायब्ररी पायथनमधली, पावसाच्या नोंदी वाचून त्यांचे तक्ते आणि आलेख करणारी. ती बसवण्याबद्दल पानावर एकच ओळ होती, पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची एक आज्ञा. लिहिणाऱ्याच्या लिनक्स लॅपटॉपवर ती चालतही असेल. आपल्या लॅबमधल्या विंडोजच्या मशीनवर तिने ‘पायथन’ टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं. पायथन नीट बसवून व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रकल्पापुरती वेगळी जागा) तयार केलं, तर विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या पॉवरशेलने ते चालू करणारी स्क्रिप्टच अडवली. ते सोडवलं तर कॉलेजच्या प्रॉक्सीमुळे (इंटरनेटच्या वाटेवर बसलेल्या सर्व्हरमुळे) पिपला बाहेर जाता येईना. नवखा मुलगा यातल्या पहिल्याच पायरीवर उठून जातो. तिने तिन्ही अडचणींची कारणं शोधली. पडद्यावर जो संदेश दिसतो तो जसाच्या तसा लिहिला, त्याखाली तो का येतो आणि त्यावर काय करायचं ते लिहिलं.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी अनेक कंपन्यांतही कुणी करत नाही. पहिल्या वर्षाच्या एका मुलाला मशीनपुढे बसवलं, आपलं पान उघडून दिलं आणि स्वतः मागे खुर्ची टाकून वही घेऊन बसली. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. तो कुठं थांबतो, कुठली ओळ दोनदा वाचतो, कुठं चुकीचं क्लिक करतो, एवढंच टिपायचं. एप्रिलचं ऊन, कूलरचा घरघराट, आणि ही तासभर ओठ घट्ट मिटून बसलेली. तो चार ठिकाणी अडला. तिने चारही परिच्छेद बदलले. पुढच्या शनिवारी दुसरा मुलगा बसवला, तो एका ठिकाणी अडला. तिसरा न विचारता शेवटपर्यंत गेला.

आणि तारखांचं प्रकरण तर समितीने ऐकूनच घेतलं नाही. उदाहरण म्हणून तिने विदर्भातल्या एका ठिकाणच्या पावसाच्या नोंदी घेतल्या होत्या. आलेख काढला तर ऐन मे महिन्यात दणक्याचा पाऊस दिसायला लागला. नागपूरकडच्या माणसाला मे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ती तिथेच थांबली. मूळ फाइल उघडली तर नोंद ०५/०७ अशी होती, म्हणजे आपली ५ जुलै. लायब्ररी अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचत होती, म्हणून तिचा झाला ७ मे. १३ तारखेपासून पुढे मात्र सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो आणि मग लायब्ररी मुकाट्याने दिवस आधी धरते. कुठलीही एरर नाही, कुठलाही इशारा नाही. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी अकरा दिवस चुकीच्या महिन्यात. वर्षाचे १३२ दिवस. हा हिशेब तिने वहीच्या मागच्या पानावर केला होता, तो मी पाहिला आहे.

तारखेचा क्रम सांगण्याचा पर्याय लायब्ररीत होता, फक्त तो कुठे लिहिलेला नव्हता. तिने तो लिहिला, उदाहरण दिलं, आणि अशी सरमिसळ झाली तर लायब्ररीने इशारा द्यावा म्हणून वेगळा इश्यू, म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवलेली सूचना, उघडला. मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, तो मान्य केला. पुढच्या आवृत्तीत इशारा आला. तिच्या पानांवर रिव्ह्यूमध्ये ३७ शेरे आले होते, बहुतेक रात्री साडेबारा-एकला, कारण मेंटेनरकडे तेव्हा दिवस असायचा. प्रत्येक शेऱ्याला तिने उत्तर दिलं आहे. ते सगळं आजही जगाला उघड दिसतं. समितीला एक लिंक उघडायची होती.

तीच माझी पहिली तक्रार आहे. तुम्ही काम न उघडता फाइलचा प्रकार पाहून निकाल दिलात.

“सॉफ्टवेअर कुठं आहे?” या प्रश्नामागे एक समजूत आहे, की कोड म्हणजे सॉफ्टवेअर आणि बाकी सगळी सजावट. प्रत्यक्ष काम करणारे असं मानत नाहीत. वेबसाइट बनवायच्या जँगोसारख्या प्रकल्पात नवी सोय आणणाऱ्या पॅचसोबत (कोडमधल्या बदलासोबत) टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन नसेल तर तो पॅच अपुरा धरतात. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबने २०१७ साली ओपन सोर्समधल्या लोकांची पाहणी केली होती. त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा शिळं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही. ज्या कामाची टंचाई सगळ्यात जास्त, ते काम आपली एक मुलगी मनापासून करते, आणि आपण तिला परत पाठवतो.

न समजलेल्या एका पर्यायाची किंमत काय असते, याचं एक उदाहरण तुमच्या नेटवर्क सिक्युरिटीच्या तासाला सांगण्यासारखं आहे. २०१२ साली स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी सुरक्षित जोडणीच्या तपासणीत कुठे कुठे भोकं पडली आहेत ते दाखवलं. इंटरनेटवरून डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या कर्ल या लायब्ररीत सर्व्हरचं नाव तपासून घ्यायचं असेल तर एका पर्यायाला २ हा आकडा द्यावा लागे. प्रोग्रामरांनी ‘हो, तपासा’ या अर्थाने ‘ट्रू’ दिलं. ते १ धरलं गेलं, आणि नावाची तपासणीच बंद झाली. पैशांचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही चूक सापडली. २ चा अर्थ माहितीपानात होता, पण नाव आणि आकडा दोन्ही वाचणाऱ्याला चकवणारे होते. पुढे कर्लला त्या पर्यायाचं वागणंच बदलावं लागलं. एखादी सोय साध्या वाक्यात सांगता येत नसेल तर बहुतेक वेळा रचनेतच काहीतरी चुकलेलं असतं, आणि ते सगळ्यात आधी लिहिणाऱ्याच्या लक्षात येतं. तारखांच्या बाबतीत आपल्या मुलीचं नेमकं हेच झालं.

दुसरी तक्रार आकड्याची. किमान ५ पुल रिक्वेस्ट हा नियम का आला, हे मला ठाऊक आहे आणि त्यामागची तुमची चीड मी समजू शकते. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात, टी-शर्टसाठी लोकांनी दुसऱ्यांच्या रीडमीत एखादा शब्द घालून हजारो निरर्थक पुल रिक्वेस्ट पाठवल्या. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील तेवढेच धरायचे, असं करावं लागलं. त्या गर्दीत आपल्याकडची मुलं होती, हे मान्य करायला हवं. त्यानंतरही असे प्रकार झाले आहेत. कुणी रीडमीत स्वल्पविराम घालून गुण मागत असेल तर त्याला देऊ नका. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पण तो कचरा झाला कशामुळे? मोजणीमुळेच. ४ चालतील, ५ चालतील, टी-शर्ट मिळेल, या हिशेबातून. आता तुम्ही तोच आकडा कोडवर लावला आहे. याचा परिणाम एवढाच होईल, की मुलं व्हेरिएबलची नावं बदलून पाच पुल रिक्वेस्ट जमवतील, आणि चार महिन्यांत एकच पण पक्कं काम करणारी मुलगी बाहेर राहील. चांगलं आणि वाईट वेगळं करायला वाचावं लागतं. दुसरा उपाय नाही.

तिसरी गोष्ट तुमच्याच भिंतीवर आहे. विभागाच्या कॉरिडॉरमध्ये एनबीए या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या जुन्या १२ निष्पत्तींची, म्हणजे पदवीधराला काय काय यावं याच्या यादीची, फ्रेम लावलेली असते. माझ्या वेळी होती, परवा गेले तेव्हाही होती. त्यातली दहावी संवादाची आहे. परिणामकारक अहवाल आणि डिझाइनचं डॉक्युमेंटेशन समजून घेता यावं, लिहिता यावं, स्पष्ट सूचना देता आणि घेता याव्यात, असं तिथं सरळ लिहिलं आहे. मूल्यांकनाच्या वेळी संवादाच्या निष्पत्तीसमोर तुम्ही कुठल्या तरी विषयाचे गुण दाखवताच. मग जिने हे सगळं खरोखर करून दाखवलं, तिला कुठल्या कलमाखाली बाद केलंत?

आता प्रोजेक्ट रिपोर्टचं. हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहिते. दरवर्षी प्रत्येक ग्रुपकडून ८०-९० पानांचा रिपोर्ट घेतला जातो. सोनेरी अक्षरांचं रेक्झिन बाइंडिंग, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, वॉटरफॉल मॉडेलची तीच आकृती. बाइंडिंगवाल्याकडे मे महिन्यात रांगा लागतात. तुमच्या कपाटातला मागच्या वर्षीचा कुठलाही एक रिपोर्ट काढा आणि त्यातलं वाचून तो प्रोजेक्ट चालू करून पाहा. कुठली आवृत्ती लागते, डेटाबेस कुठून आणायचा, पासवर्ड कुठल्या फाइलमध्ये घालायचा, हे सहसा त्यात नसतंच. मुलांनी बनवलेलं वर्षभरात मरतं, कारण पुढच्या बॅचला ते उचलता येत नाही. म्हणजे लिहिणं तुम्ही आत्ताही मागता, त्याला गुणही देता. फक्त जे लिहिणं कुणाच्या उपयोगाचं नाही ते मागता, आणि जे रोज जगात वापरलं जातं ते नाकारता.

आणि याची झळ कुणाला बसते तेही पाहा. ज्याच्या घरी तिसरीपासून कॉम्प्युटर आहे, तो मोठ्या प्रकल्पाच्या कोडमध्ये थेट शिरू शकतो. उमरेड, भिवापूर, काटोल, गडचिरोलीहून आलेल्या मुलांना आधी आत शिरण्याची वाट लागते, आणि डॉक्युमेंटेशन ही ती वाट आहे. एका पानाची दुरुस्ती करायला तुम्हाला गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) शिकावं लागतं, प्रकल्प आपल्या मशीनवर उभा करावा लागतो, शंका आली तर कोड वाचावा लागतो, अनोळखी माणसाशी नेमकं बोलावं लागतं. तारखांचा घोळ पकडायला त्या मुलीने लायब्ररीच्या आतल्या तीन फाइली वाचल्या. तुमच्या अभ्यासक्रमात तिने तेवढा परका कोड कधी वाचला नव्हता.

रिव्ह्यू झाल्यावर सबमिशनला तीन आठवडे उरले होते. तिला दुसऱ्या एका ग्रुपमध्ये घातलं. त्या ग्रुपचा प्रोजेक्ट विकत आणलेला होता. हे तिला माहीत होतं, ग्रुपला माहीत होतं, आणि माझी खात्री आहे की गाइडनाही माहीत होतं. त्यात कोड होता, म्हणून तो ग्राह्य धरला गेला. ती पास झाली. निकालाच्या दिवशी वाचनालयात येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, मंग मी चार महिने काय करून राहिली होती?” मला तिला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

थोडं मराठीबद्दल. २०२१ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे. परवानगीने पुस्तकं तयार होत नाहीत, मॅन्युअल तर नाहीच. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर मराठीत चालतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस अशा कितीतरी विषयांचे धडे मराठीत ऐकवले आहेत. ते कुणीतरी बसून लिहिलं, शब्द निवडले, तपासलं. ‘डिफॉल्ट’ला (आपण काही निवडलं नाही तर आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाला) मराठीत काय म्हणायचं, की तसंच ठेवायचं, यावर आम्ही एक अख्खा शनिवार घालवला आहे. शेवटी ‘डिफॉल्ट’च ठेवलं, कारण पॉलिटेक्निकच्या मुलांनी दुसरा कुठलाही शब्द ओळखला नाही. असा निर्णय घेणं म्हणजे वाचणारा कोण आहे याचा विचार करणं, आणि तो विचार इंजिनिअरिंगचाच भाग आहे. तुमच्या परिपत्रकात ‘भाषांतर’ हा शब्द रीडमीच्या स्वल्पविरामासोबत एका ओळीत बसवला आहे. तो वाचून मला सगळ्यात जास्त लागलं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

परिपत्रकातून डॉक्युमेंटेशन आणि भाषांतर वगळणारी ओळ काढा, आणि पाचचा आकडाही काढा. त्याऐवजी केलेलं काम उघडून, त्यावरची रिव्ह्यूची चर्चा वाचून गुण द्या. एका-दोन शब्दांच्या दुरुस्त्या ग्राह्य नाहीत असं स्पष्ट लिहा, त्याला माझा पाठिंबाच आहे.

डॉक्युमेंटेशन तपासायचं कसं, असा प्रश्न येईल. विद्यार्थ्याने लिहिलेलं पान दुसऱ्या वर्षाच्या अशा मुलाला द्या ज्याने तो प्रकल्प पाहिलेला नाही, आणि त्याला लॅबमधल्या कोऱ्या मशीनपुढे बसवा. तो न विचारता कुठपर्यंत जातो ते पाहा. पानाचा हेतू काय तेही विचारा. दानिएले प्रोसिडा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार वेगळे केले आहेत: नवख्याला हात धरून शिकवणारं, कामात अडलेल्याला वाट दाखवणारं, नेमका तपशील शोधण्यासाठीचं आणि असं का आहे ते समजावणारं. उबंटू या लिनक्स प्रणालीमागची कॅनॉनिकल ही कंपनी आपलं डॉक्युमेंटेशन याच चौकटीत बसवते. मूल्यमापनाला ही चौकट पुरेशी आहे.

प्रत्येक प्रोजेक्टसोबत, मग तो कोडचा का असेना, दोन पानांची चालू करण्याची कृती सक्तीची करा. ती मराठीत लिहिली तरी चालेल असं नियमात लिहा. पुढच्या बॅचने त्यावरून प्रोजेक्ट उभा करून दाखवल्याशिवाय त्याचे गुण देऊ नका. यासाठी रिपोर्टची पन्नास पानं कमी केली तर कुणाचंही नुकसान नाही.

आणि त्या मुलीचं काम पुन्हा पाहा. निकाल लागून गेला, गुण बदलणार नाहीत, हे तिलाही माहीत आहे. विभागाच्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या, की हे काम आम्ही तपासलं आणि ते प्रोजेक्टच्या योग्यतेचं होतं. ती सध्या नोकरीच्या मुलाखती देते आहे. तो कागद तिच्या उपयोगाचा आहे.

तपासणीची ही पद्धत जमणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडे मी यायला तयार आहे. कुठल्याही शनिवारी सांगा. एक कोरं विंडोज मशीन, तुमची नेहमीची प्रॉक्सी, दुसऱ्या वर्षाचा तुम्ही निवडलेला विद्यार्थी आणि एक तास द्या. तिची पानं मी घेऊन येईन. समितीतल्या सरांनी त्या विद्यार्थ्याच्या मागे खुर्ची टाकून बसावं. मी दाराबाहेर थांबेन.

आपली,
हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजची माजी विद्यार्थिनी
नागपूर